काका, तुमचे कान शाबूत होते

रामजीकाका, गेल्या आठवड्यातल्या शोकसभेत तुम्हाला बहिरं ठरवण्यात आलं. आपल्या भूकंप मदत मंडळाच्या अध्यक्षांनी तुमच्या फोटोला हार घातला, माइक हातात घेतला आणि गळा दाटून आल्यासारखं करून म्हणाले, "शेवटी शेवटी काकांना ऐकू कमी येत होतं. त्यामुळे त्या दिवशी जे झालं ते झालं. आपण कोणी मनात काही ठेवू नये." लोकांनी माना डोलावल्या. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मग चहा आला. माणूस जाऊन आठवडा झाला नाही तोवर त्याचे कान काढून घेतले, वर मोठेपणा असा की आम्ही त्याला माफ केलं.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि गप्प बसले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांचा उद्धार करणार आहे आणि त्यात पहिला नंबर माझा आहे.

तुम्ही आणि बहिरे. टेलिफोन खात्यात लाइनमन असताना खांबाला कान लावून पुढची तार सैल झाली आहे की नाही ते सांगणारा माणूस. साठीला आल्यावर हौशी बिनतारी संदेशवाल्यांची, हॅम रेडिओची परीक्षा दिलीत. पाड्यावरच्या म्हाताऱ्याला हे खूळ कशाला, असं सगळे म्हणत होते, आणि तुम्ही पास होऊन आलात. माझ्या कासा गावातल्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात पहिल्यांदा आलात तेव्हा मी तुमचा रेडिओचा सेट दुरुस्त करून तुमच्या हातात दिला, तुम्ही तो कानाशी हलवलात आणि म्हणालात, "एक टाका कच्चा बसलाय, बाय. परत खोल." मी रागारागाने खोलला. सोल्डरचा टाका कच्चाच होता. त्या दिवसापासून मी तुम्हाला काका म्हणते.

पाड्यांवरच्या वॉकीटॉकी सेटवर कोणी बटण दाबलं की तो बोलायच्या आधीच, नुसत्या श्वासावरून तुम्ही नाव घ्यायचात. "कविता हाय. चढ चढून आलीय, जरा दम घेऊ दे तिला." आणि खरंच खालच्या पाड्यातली कविताच असायची. असल्या कानांना अध्यक्षांनी शोकप्रस्तावात 'वार्धक्यामुळे आलेला श्रवणदोष' असं लिहून ठेवलंय. वहीत, शाईने.

धक्के सुरू झाले ते दिवस आठवतात का? तुम्हालाच विचारते आहे, सवयीने. लोक घर सोडून ताडपत्रीखाली राहायचे. धक्का बसला की सगळे एकदम फोन लावायचे, मग कोणाचाच लागायचा नाही. खालच्या पाड्यांना तर एरवीही रेंज नव्हती. तेव्हा आपण ते परवाना न लागणारे छोटे वॉकीटॉकी आणले. तुमचं घर टेकाडावर. तुम्ही छपरावर बांबू उभा करून अँटेना बांधलीत आणि ती तुमच्या जुन्या स्कॅनरला जोडलीत. स्कॅनर म्हणजे बोलता न येणारा, नुसता ऐकणारा रेडिओ, पण त्या बांबूमुळे तो खालच्या पाड्यातलं कुजबुजणंही पकडायचा. पाड्यावरून कोणी सेटवर हाक मारली की तुम्ही ऐकायचात, हातातल्या सेटवरून उत्तर द्यायचात आणि अंगणात मोबाइलची रेंज होती म्हणून जीपवाल्याला आणि दवाखान्याला फोन करायचात. एवढीच आपली व्यवस्था, आणि ती सगळी तुमच्या कानांवर उभी होती.

मग मंडळाला गुप्ततेची हौस आली. कोणाच्या तरी सुनेचे दिवस भरल्याची बातमी सेटवरून गेली आणि ती अच्छाडच्या एका ढाब्यावरच्या पोऱ्यांनी आपल्या सेटवर ऐकली, एवढंच निमित्त. या सेटमध्ये एक सोय असते. बोलणाऱ्याच्या आवाजाखालून एक बारीक, घुमणारा सूर जातो. आपल्याला तो ऐकू येत नाही, पण दुसरा सेट तो ओळखतो. ठरलेला सूर आला तरच स्पीकर उघडायचा, नाही तर मुकं राहायचं. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, प्रायव्हसी कोड. हे छापणाऱ्याला एकदा समोर उभं करून विचारायचं आहे मला, की बाबा, यात खासगी काय आहे? अध्यक्षांनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं आता आपलं बोलणं कुलपात गेलं.

तुम्ही शाळेच्या वर्गात सगळ्यांना ते करून दाखवलंत. सगळ्या सेटना कोड लावलात, अध्यक्षांना एक सेट देऊन बाहेर पाठवलंत आणि म्हणालात, आता तिकडे दुसरा सेट घेऊन उभ्या असलेल्या खजिनदारांशी काहीही गुपित बोला. इकडे टेबलावर तुमचा स्कॅनर, त्याला कोणताच कोड नाही. मिनिटभरात त्याच्यातून अध्यक्षांचा आवाज आला, "म्हाताऱ्याचं संपलं की चहा द्या आणि मीटिंग गुंडाळा, मला तलासरीला जायचंय." अख्खा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "कोड लावून दुसऱ्याचा कान बंद होत नाय. आपलाच होतो." अध्यक्ष आत आले तेव्हा त्यांना कोणी काही सांगितलं नाही, पण ते समजले. त्यांनी तो दिवस तुमच्या नावावर लिहून ठेवला आणि शोकसभेत त्याची परतफेड केली, असं मला वाटतं. माझा राग असेल, पण वाटतं ते वाटतं.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला म्हटलं, जो सूर ऐकूच येत नाही तो असतो कशावरून? तुम्ही मंडपवाल्याच्या जुन्या भोंग्यातला मोठा स्पीकर काढलात, त्याला स्कॅनर जोडलात आणि काकींना अंगणात सेटचं बटण दाबून धरायला लावलंत. मग माझा तळहात स्पीकरच्या कागदावर ठेवलात. आवाज नव्हता, पण हाताखाली काहीतरी थरथरत होतं, मांजर घुरघुरतं तसं. "सेकंदाला अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच कंपनं," तुम्ही म्हणालात, "बघ, हा असतो." इतकी वर्षं मी सेट खोलते, मला हे कोणी दाखवलं नव्हतं. इंजिनियर मुलांनी माझ्याकडे येऊन मोठमोठे शब्द फेकले, पण हात धरून तिथे नेलं ते तुम्ही. यासाठी तुमचे उपकार कधी मानले नाहीत. आता मानते. ऐकायला तुम्ही नाही, हे माझं नशीब.

आता माझ्या पापाकडे येते.

टेकाडावरचा स्कॅनर उघडा ठेवला की जगभरची बडबड आत यायची. घोलवडच्या वाड्यांमधले चिकूचे क्रेट मोजणारे, हायवेवर ट्रक लावून देणारे, लग्नातले डेकोरेशनवाले, सगळे तेच सेट वापरणारे आणि त्याच चॅनेलवर. दिवसभर "हॅलो, हॅलो, गाडी मागे घे". तुम्ही त्यातून नेमकी आपल्या पाड्याची हाक वेचायचात. मला ते बघूनच डोकं दुखायचं. एकदा मी आले तेव्हा काकी डोक्याला फडकं बांधून बसल्या होत्या. मी मनाशी ठरवलं, हे या कटकटीमुळे. तुमच्या स्कॅनरला ते जुने सूर ओळखता येत होते. मी म्हटलं, काका, याला आपल्या सुराचं कुलूप लावते, म्हणजे आपलीच हाक आली तर उघडेल. काकींचा तरी विचार करा.

तुम्ही तासभर वाद घातलात. कोणी कोड नसलेला सेट घेऊन आला तर? कोणाच्या हातून कोड बदलला गेला तर? तिकडे कोणी बोलतंय हे कळलं नाही आणि आपण त्याच्यावरच बटण दाबलं तर? मी म्हटलं, काका, तुम्ही फार चिकित्सा करता. शेवटी तुम्ही म्हणालात, "तुझ्या हाताला घाई फार, बाय. पण तू बोलतेस तर लाव." मी लावलं. घर एकदम शांत झालं. मला वाटलं, केवढं पुण्याचं काम केलं. पण घाईचं ते बोलणं मला लागलं होतं, आणि लागलेलं मी मनात धरून ठेवलं.

पुढे कोणा दात्याने नवे सेट दिले. ते माझ्याच दुकानात आले. वापीच्या विक्रेत्याने सांगितलं, जुना सूर कशाला, आता आकड्यांचा कोड येतो, त्यात भानगड कमी. मी एका बैठकीत सगळ्या सेटमध्ये शून्य तेवीस टाकला आणि मोकळी झाले. मग वाटपाचा कार्यक्रम झाला. फ्लेक्स, नारळ, फोटो. तुमचा गुडघा सुजला होता, तुम्ही आला नाहीत. तुमच्या नावाचा सेट अध्यक्षांनी ठेवून घेतला. का, तर काकांना सन्मानाने द्यायचा आणि फोटो काढायचा, म्हणजे तो पुढच्या कार्यक्रमात. कपाटात पडून राहिला तो, खोक्यासकट. सन्मान म्हणे.

आणि मी? मला ठाऊक होतं. विसरले असं मी म्हणणार नाही. तुमचा स्कॅनर जुना, त्याला सूर ओळखता येतो, आकड्यांचा कोड येत नाही. तो उघडा असता तर त्याने नवे सेटही सरळ ऐकवले असते. पण त्याला मी जुन्या सुराचं कुलूप लावलं होतं आणि तो सूर आता कोणीच पाठवत नव्हतं. तुमच्या हातातला सेटही त्याच जुन्या सुरावर. म्हणजे टेकाड पूर्ण बंद. मी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला, 'सर्वांनी नोंद घ्यावी, कोड बदलला आहे.' तुमचा बटणाचा फोन, त्यावर ग्रुप कुठला? एक फोन करायचा होता. मला वाटलं, फोन केला तर काका म्हणतील बघ, बोललो नव्हतो का. रविवारी जाईन, गप्पांच्या ओघात सांगेन, असं ठरवलं.

धक्का शुक्रवारी दुपारी आला. खालच्या पाड्यात सोनीबायच्या नव्या मोरीची विटांची भिंत तिच्या पायावर कोसळली. कविता, तिची सून, सेट घेऊन बाहेर पळाली. तिने मला नंतर सांगितलं, "ताई, मी टेकाड, टेकाड करत घसा फोडला. काका कधी असा गप्प राहत नाय. मला वाटला त्यांनाच काय झाला." धक्का तुम्हालाही जाणवला होता, पण कोणाची हाक नाही म्हणून टेकाडावर तुम्ही स्कॅनरशेजारी बसून नागली निवडत होतात. घर शांत होतं. मीच ते शांत करून ठेवलं होतं. दोन तासांनी शेजारच्यांनी सोनीबायला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, एक टेम्पो थांबवला. तिचा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

मग ती बैठक. तुम्ही काठी टेकत आलात. अध्यक्षांनी विचारलं, "काका, मशीन चालू होतं ना?"

"चालू व्हता."

"तुम्ही घरात होता ना?"

"व्हतो."

"मग ऐकलं का नाही?"

तुम्ही म्हणालात, "माझ्याकडून आयकला नाय गेला." त्यापुढे एक शब्द नाही. कोणी म्हणालं, झोपला असेल. कोणी म्हणालं, वय झालं. मी तुमच्यापासून चार हातांवर बसले होते आणि वाट बघत होते, की आता हे माझ्याकडे बघतील, विचारतील. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मला वाटलं, यांना कळलेलंच नाही. आणि काका, मला हायसं वाटलं. आपलं नाव कुठे येत नाही म्हटल्यावर माणूस कसा सुटल्यासारखा श्वास घेतो, तसा मी घेतला. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात. तीन आठवड्यांत मी टेकाडावर एकदाही चढले नाही.

शोकसभा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. काकींनी स्कॅनर पुढ्यात ठेवला, म्हणाल्या, बघ, याचं काय करायचं ते. मी चालू केला आणि लगेच आवाज आला. कोणीतरी घोलवडला क्रेट मोजत होतं. मी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर कुलूप काढलेलं. मी लावलेलं कुलूप. सूर बंद, सगळं उघडं.

"काकी, हे कोणी केलं?"

"त्यानीच. त्या शुक्रवारी सांजेला कविता रडत वर आली ना, ती गेल्यावर. बटणं दाबत बसला. मंग बोलला, पोरीनं कोड बदललेला दिसतो."

म्हणजे बैठकीच्या आधीच तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही तिथे उभे राहिलात, लोकांनी झोपाळू म्हटलं, म्हातारा म्हटलं, आणि तुम्ही ऐकून घेतलंत. मग काय, आलेलं रडू कुठच्या कुठे गेलं आणि मला तुमचा संताप आला. अजून आहे. कोणी सांगितलं होतं तुम्हाला माझी चूक डोक्यावर घ्यायला? मी लहान आहे का? तुम्ही मला चार शब्द सुनावले असते, सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं असतं, तर मी दोन दिवस तोंड लपवलं असतं आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या दारात येऊन भांडले असते. आता कोणाशी भांडू? तुम्ही हा उपकार केलात असं लोक म्हणतील. मी म्हणते, तुम्ही मला गप्प बसायची सोय करून दिलीत, आणि मी ती वापरली. सोनीबायला पाय कशामुळे गेला हे कळायचा हक्क होता. तो तुम्हीही दाबून ठेवलात. यात तुमचं चुकलं, काका. माझं जास्त चुकलं, पण तुमचंही चुकलं.

काकींना मी विचारलं, मग ते बोलले का नाहीत? काकी सुपाने धान्य पाखडत होत्या. "तो बोलला, नाव घेतला तर पोर शरमेनं हा धंदाच सोडल. मंग पाड्यांचे सेट बघल कोण? माझ्यावर राहू दे, मी काय आता नोकरीला जायचा हाय?" मग त्या म्हणाल्या, "आन तू तो आवाज बंद केलास तो माझ्यापायी, नाय का? मला कधी तरास व्हता त्याचा? डोका दुखत व्हता तो दाढेनं." मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. तुम्हीही विचारलं नव्हतंत, पण तुम्ही निदान कुलूप लावायच्या विरुद्ध होतात.

काल तुमचा दिवस घातला. अंगणात सगळे जमले. अध्यक्षही आले, पांढरे कपडे घालून. सोनीबायला कविताने आणि तिच्या नवऱ्याने जीपमधून आणलं, खाटेवर बसवलं. पंगत बसायच्या आधी मी उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

मी म्हटलं, "काकांना ऐकू येत होतं. त्यांच्या स्कॅनरला कुलूप मी लावलं होतं. नव्या सेटमध्ये वेगळा कोड मी टाकला आणि त्यांना कळवलं नाही. त्यांचा नवा सेट मंडळाच्या कपाटात होता. काकांना हे सगळं कळलं होतं, त्यांनी माझं नाव घेतलं नाही."

अध्यक्ष म्हणाले, "अहो ताई, आज हा विषय कशाला? आपण त्यांना केव्हाच माफ केलंय."

"माफी तुमच्याकडेच ठेवा," मी म्हटलं. "वहीत श्रवणदोष लिहिलंय, ते खोडा. माझ्यासमोर खोडा आणि खाली कारण लिहा. माझं नाव घाला, आणि कपाटाचंही लिहा."

ते खजिनदारांकडे बघायला लागले, खजिनदार वही आणलेली नाही म्हणाले. मी म्हटलं, मग कासाला, मंडळाच्या कपाटापाशी चला, मी येते. तेवढ्यात सोनीबायने हात वर केला आणि सगळे थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता शिवी देईल, आणि मला ती हवी होती. ती शिवीही देईना आणि माफ केलं असंही म्हणेना. तिने एवढंच विचारलं, "मंग आता आमच्या पाड्याचा आयकल कोण?"

अध्यक्ष म्हणाले, समिती नेमू. मी तोंड उघडणार होते, पण मी राहते कासाला, टेकाडावर नाही, आणि माझ्या ऐकण्यावर कोणी का विश्वास ठेवावा?

चुलीपाशी काकी भात उतरवत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मी आयकीन. इतकी वर्सं आयकतेच हाय, कोणी इचारला नाय म्हणून." मग भाताचं पातेलं खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. "पण ह्या बायनं मला इचारल्याबिगर त्या डब्याला हात लावायचा नाय."

कोणीतरी हसलं. सोनीबाय हसली नाही. मीही नाही हसले, काका. मी त्यांना हो म्हटलं.